खाऱ्या वाऱ्यातली डायमंड चेअर

हॅरी बर्टोया या शिल्पकाराने घडवलेल्या ‘डायमंड चेअर’ची भारतीय नक्कल सध्या ऑनलाइन फर्निचरच्या बाजारात सहज मिळते, आणि आमच्या पडवीत ती पाहिलेले पाहुणे कोकण किनाऱ्यावरच्या घरासाठी ती घ्यावी का, असे हमखास विचारतात. माझे मत असे की बैठक म्हणून ती चांगली आहे, दिसायला त्याहून चांगली आहे, परंतु धातूची वस्तू म्हणून समुद्राजवळ एक पावसाळा सोसण्याचीही तिची तयारी नाही. हे मत सविस्तर मांडायचे तर ज्याने ही खुर्ची मुळात घडवली त्या माणसाविषयी बोलणे भाग आहे, कारण नकलेत जे जे उणे आहे ते नेमके त्या माणसाला आयुष्यभर ज्यात रस होता तेच आहे.

आधी वस्तूविषयी. आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. निसर्ग वादळात, म्हणजे ३ जून २०२० रोजी, जुन्या पडवीचे छप्पर गेले आणि खालचे लाकडी सामान भिजून फुगले. पडवी पुन्हा उभी केल्यावर तिथे लाकूड ठेवायचे नाही असे घरात ठरले आणि तारेच्या दोन खुर्च्या मागवल्या. गादीसह एका खुर्चीला साडेचौदा हजार रुपये पडले. मूळ खुर्ची आजही अमेरिकेतील नोल ही कंपनी बनवते आणि तिची किंमत याच्या कित्येक पट आहे, त्यामुळे या परीक्षणात नकलेकडून मूळ खुर्चीच्या तोडीची अपेक्षा मी ठेवलेली नाही. दुकानदाराने जे छापून सांगितले होते तेवढे तिने करावे, एवढीच अपेक्षा होती. छापलेले असे : ‘इटालियन डिझाईन, क्रोम फिनिश, घरात व बाहेर वापरण्यायोग्य.’ या तीन दाव्यांपैकी मधला तेवढा खरा होता, आणि तोही थोडेच महिने.

‘इटालियन डिझाईन’ हा शब्द विक्रेत्यांना का आवडतो ते समजण्यासारखे आहे. या खुर्चीच्या बाबतीत तो अर्धवट आहे. बर्टोया यांचा जन्म १० मार्च १९१५ रोजी ईशान्य इटलीतील फ्रिउली प्रांतात सान लोरेंझो या शेतकरी वस्तीच्या गावी झाला आणि त्यांचे मूळ नाव आर्री असे होते. थोरला भाऊ ओरेस्टे आधीच अमेरिकेत, मोटारींच्या कारखान्यांचे शहर असलेल्या डेट्रॉइटला गेला होता. १९३० साली, पंधराव्या वर्षी, वडिलांबरोबर त्या भावाकडे गेलेला आर्री तिथेच राहिला आणि हॅरी झाला. थोरल्याने मुंबईत खोलीत जागा धरायची आणि मग धाकट्याला बोलावून घ्यायचे, हा क्रम ज्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालला त्या कोकणातल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आमचे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येत राहिले, हा मात्र मोठा फरक. बर्टोया १९४६ साली अमेरिकेचे नागरिक झाले आणि त्यांचे सगळे मोठे काम तिथेच झाले. ही खुर्ची तयार झाली ती पेन्सिल्व्हेनियात.

डेट्रॉइटमध्ये कास टेक्निकल हायस्कूल या शाळेत त्यांनी दागिने घडवण्याची कला शिकली, आणि १९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून ते शहराजवळच्या क्रॅनब्रुक कला अकादमीत दाखल झाले. तिथली बंद पडलेली धातुकामाची कार्यशाळा त्यांनी पुन्हा सुरू केली आणि ते तिथे शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात धातू मिळेनासा झाला तसे विद्यार्थ्यांचे आणि त्यांचे स्वतःचे काम आकाराने लहान लहान होत गेले, त्यामुळे त्या काळातले त्यांचे काम पुष्कळसे दागिन्यांचे आहे. अकादमीतले सहकारी चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या लग्नाची अंगठी त्यांनीच घडवली. १९४३ साली त्यांनी ब्रिगिट्टा व्हॅलेंटिनर यांच्याशी लग्न केले आणि दोघे ईम्स दांपत्याबरोबर काम करण्यासाठी कॅलिफोर्नियाला गेले. तिथे त्यांनी वेल्डिंगचा वर्ग केला. सोनारकामाच्या बारकाईची सवय झालेल्या हाताला वेल्डिंगची ज्योत मिळाली, हे मला या चरित्रातले सर्वांत महत्त्वाचे वळण वाटते. पुढची खुर्ची आणि पुढची शिल्पे या दोन्हींची मुळे त्या वर्गात आहेत. ईम्स यांच्याकडे खुर्च्यांवर केलेल्या कामाचे श्रेय आपल्याला मिळाले नाही, ही भावना घेऊन ते तिथून बाहेर पडले.

त्यानंतर नोल कंपनी चालवणाऱ्या हान्स आणि फ्लॉरेन्स नोल यांनी त्यांना पेन्सिल्व्हेनियाला बोलावले. हान्स नोल स्वतः जर्मनीहून आलेले स्थलांतरित, आणि फ्लॉरेन्स क्रॅनब्रुकच्या दिवसांपासूनच्या परिचित. खुर्चीच करून दाखव असा आग्रह न धरता, वाटेल ते काम करण्याची मोकळीक आणि जागा त्यांनी दिली, असे या करारासंबंधी सांगितले जाते. १९५२ साली तारेच्या खुर्च्यांची मालिका बाजारात आली आणि तिच्यात ही डायमंड चेअर होती. आपल्या खुर्च्या मुख्यतः हवेच्या बनलेल्या आहेत, शिल्पासारख्या, आणि अवकाश त्यांच्यातून आरपार जातो, अशा अर्थाचे बर्टोया यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. समुद्राकाठी हे म्हणणे अगदी शब्दशः पटते, कारण वारा अडवणारे काही खुर्चीत नाहीच. सरळ चौकोनी जाळी घेऊन ती दोन दिशांना ताणली आणि वाकवली की तिचा प्रत्येक चौकोन तिरपा होतो, आणि अशा लहान तिरप्या चौकोनांचा मिळून बसण्याचा एक मोठा तिरपा चौकोन तयार होतो. पाग, म्हणजे मासेमारीचे फेकजाळे, हवेत फेकल्यावर त्याचे आस, म्हणजे जाळ्याची भोके, जसे क्षणभर ताणून उघडतात, तसा तो आकार आहे. फक्त इथे तो पोलादात थांबवलेला आहे. यंत्राने ही जाळी वाकवण्याचे प्रयत्न फारसे साधले नाहीत, म्हणून साच्यावर हाताने तारा वाकवून मग त्या वेल्ड करण्याची रीत ठेवावी लागली. कारखान्याची वाटणारी ही खुर्ची बरीचशी हातकाम आहे.

या रचनेतल्या तीन गोष्टी खरेदीदाराने ओळखायला हव्यात, कारण नकला तिथेच उघड्या पडतात.

पहिली गोष्ट म्हणजे जाळीची बैठक आणि खालची सळ्यांची घोडी यांचा जोड. मूळ खुर्चीत तिथे रबराचे ठोकळे असतात, त्यामुळे बसल्यावर बैठक किंचित लवते आणि उठल्यावर पूर्ववत होते. आमच्याकडे आलेल्या खुर्चीत रबराच्या जागी टणक प्लॅस्टिकच्या चकत्या घालून नट-बोल्ट आवळलेले आहेत. खुर्ची लवत नाही. बसताना एक कोरडा ‘कट्‌’ असा आवाज येतो आणि सगळा भार चार बोल्टांवर येतो. दुसरी गोष्ट कडेची. सुरुवातीच्या खुर्च्यांत जाळीच्या तारांची टोके कडेच्या दोन तारांच्या मध्ये धरलेली होती. त्या रीतीवरून ईम्स यांच्या तारेच्या खुर्च्या बनवणाऱ्या हर्मन मिलर कंपनीने पेटंटचा वाद उभा केला, आणि पुढे नोलने कडेला एकच जाड तार वापरण्यास सुरुवात केली. ही जाड कड हाताला गुळगुळीत लागली पाहिजे. आमच्या खुर्चीच्या पाठीमागच्या कडेला काही टोके घासायची राहून गेली होती आणि पहिल्याच आठवड्यात सौभाग्यवतींच्या पातळाचा पदर तिथे फाटला. कानस घेऊन ती टोके मलाच घासावी लागली, आणि जिथे कानस फिरली तिथले क्रोम अर्थातच गेले.

तिसरी गोष्ट वेल्डची. जाळीत जिथे दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथे प्रत्येक ठिकाणी एक जोड असतो आणि असे जोड एका खुर्चीत शेकड्यांनी असतात. जोड पूर्ण बसलेला असेल तर दोन तारांच्या मध्ये फट राहत नाही. तो वरवरचा असेल तर केसाएवढी फट राहते, आणि त्या फटीत मुलामा पोहोचत नाही. मुंबई-पुण्यातल्या दिवाणखान्यात या फटीने काही बिघडणार नाही. किनाऱ्यावर सगळे तिथूनच बिघडते.

आता बसण्याविषयी, कारण शेवटी खुर्ची बसण्यासाठी घेतली जाते. बैठक रुंद आहे, कडेपासून कडेपर्यंत सुमारे ८५ सेंटिमीटर, त्यामुळे तिच्यात एक पाय दुमडून, तिरके रेलून, मांडीवर पुस्तक किंवा नातवंड घेऊन बसता येते. अंग चोरून बसावे लागत नाही. दुपारी पडवीत वारा असतो तेव्हा पाठीला घाम येत नाही, हा या खुर्चीचा आमच्या हवेतला सर्वांत मोठा गुण. पावसाची झड आत आली तरी जाळीवर पाणी साचत नाही. वादळी वाऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या अंगणभर पळतात तेव्हा ही जागची हलत नाही, कारण वारा तिच्यातून निघून जातो. गैरसोयीही आहेत. गादीशिवाय फार वेळ बसल्यास मांडीवर जाळीचे वळ उठतात, आणि अर्ध्या चड्डीत फिरणारे पर्यटक त्याची तक्रार करतात. बैठक खोलगट आणि मागे झुकलेली असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना आधार लागतो. हातांच्या जागी जे पंख आहेत त्यांवर जोर देऊन उठण्याची सोय नाही. आमच्या आईंनी एकदा बसून पाहिली आणि त्या आपल्या वेताच्या आरामखुर्चीकडे परत गेल्या, ते योग्यच झाले. सोबत आलेली फोमची गादी आषाढात बुरशीने काळी पडली. तिच्या जागी काथ्याची पातळ गादी शिवून घेतली; ती वाळते आणि वासही मारत नाही. विक्रेत्यांनी किनारपट्टीच्या ग्राहकांना फोमची गादी देऊच नये, असे माझे मत झाले आहे.

गंजाचा विषय थोडा विस्ताराने मांडतो, कारण किनाऱ्यावर धातूचे फर्निचर घेणाऱ्या प्रत्येकाला तो आज ना उद्या भेटतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून पाऊस नसतानाही धातूवर खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर राहतो. क्रोमचा मुलामा दिसायला काचेसारखा अखंड असला तरी त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. चांगल्या मुलाम्यात क्रोमच्या खाली निकेलचा, आणि बहुधा त्याखाली तांब्याचा, पुरेसा जाड थर देतात आणि पोलादाचे खरे रक्षण तो थर करतो. स्वस्त मुलाम्यात खालचा थर पातळ असतो. मग क्लोराइड छिद्रांतून आत शिरते आणि क्रोम वरून चकाकत असतानाच आतले पोलाद गंजते. आमच्या खुर्चीवर हे जसे छापील वर्णन असावे तसे क्रमाने घडले. आधी जाळीच्या प्रत्येक जोडावर तपकिरी ठिपका आला, मग ठिपक्यापासून खाली तांबूस ओघळ उतरले, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत जांभ्याच्या फरशीवर खुर्चीच्या पायांच्या खुणा उमटल्या. दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून ठेवलेली दुसरी खुर्ची बरीच सावकाश गंजली. थोडक्यात, धुण्याचा उपयोग होतो. पण ‘बाहेर वापरण्यायोग्य’ म्हणून विकलेल्या वस्तूची अशी सेवा करावी लागू नये.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने उत्तर दिले की समुद्रकिनाऱ्यावरील वापर हमीत येत नाही. ही अट पावतीच्या मागे बारीक अक्षरांत होती. जाहिरातीत मात्र खुर्चीचे छायाचित्र समुद्रकिनाऱ्यावरचेच होते, याची नोंद इथे करून ठेवतो.

मूळ कंपनी उघड्यावर ठेवायच्या खुर्च्यांना क्रोम न देता रिल्सन नावाच्या नायलॉनचा लेप देते. हे नायलॉन-११ एरंडेल तेलापासून बनते, आणि जगाच्या एरंडेलाचा मोठा वाटा भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. ज्या देशातून तेल जाते त्याच देशातल्या नकलेवर त्या तेलाचा लेप नसावा, ही गंमत मला थोडी कडवट वाटते. तो लेप इथे मिळाला नाही तरी दुसरे उपाय आहेत. आमच्याकडे बोटींना लागणारे लोखंडी काम करणारे एक फॅब्रिकेटर आहेत, त्यांच्याकडे जास्त खराब झालेली खुर्ची नेली. त्यांनी ती उलटी करून जोड नखाने तपासले आणि म्हणाले, “भाऊ, ह्यात वेल्डिंग नाय, नुसते टाके घातलेत. आमी बोटीला असं काम दिलं तर मालक आमालाच बुडवील.” त्यांच्या सल्ल्याने जुना मुलामा काढून टाकला, सैल जोड पुन्हा वेल्ड करून घेतले आणि सगळी जाळी हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगसाठी पाठवली. वितळलेल्या जस्ताच्या कुंडात वस्तू पूर्ण बुडवल्यामुळे जस्त जोडांच्या फटींतही उतरते, आणि वरचा थर ओरखडला तरी जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवते. तार बारीक असेल तर उष्णतेने जाळी थोडी वेडीवाकडी होण्याची भीती असते. आमची एका बाजूने किंचित उचलली गेली आहे, पण डोळ्यांना खुपत नाही. वर पांढरे पावडर कोटिंग केले आणि बोल्टांखाली रबराच्या चकत्या घातल्या. आता ती लवते.

हे सगळे खुर्चीच्या आकाराच्या दृष्टीने किरकोळ वाटेल, परंतु बर्टोया यांच्या बाबतीत धातू आणि आकार वेगळे काढता येत नाहीत. खुर्च्यांतून पैसा आणि स्वास्थ्य मिळाल्यावर त्यांनी फर्निचर जवळजवळ सोडून दिले आणि ते पूर्णपणे शिल्पाकडे वळले. एरो सारिनेन या वास्तुशिल्पकाराने अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या परिसरात बांधलेल्या, १९५५ साली पुऱ्या झालेल्या लहान प्रार्थनागृहात वेदीच्या मागे त्यांचे शिल्प आहे : छताच्या झरोक्यातून उतरणाऱ्या बारीक उभ्या तारा आणि त्यांना जोडलेले धातूचे तुकडे, ज्यांच्यावर वरचा उजेड पाझरत खाली येतो. सारिनेनही फिनलंडहून लहानपणी आलेले. अमेरिकेतील त्या काळच्या डिझाईनचा केवढा भाग बाहेरून आलेल्या माणसांनी घडवला, हे अशा नावांवरून लक्षात येते. १९६० नंतर बर्टोया यांनी नाद करणारी शिल्पे केली. बेरिलियम मिसळलेल्या तांब्याच्या, ब्राँझच्या आणि इतर मिश्रधातूंच्या उंच सळ्या एका पट्टीवर ओळीने उभ्या केलेल्या असतात, हात फिरवला की त्या एकमेकींवर आपटून दीर्घ काळ घुमत राहतात. पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या जुन्या दगडी कोठारात त्यांनी अशी शिल्पे एकत्र ठेवली, भाऊ ओरेस्टेबरोबर ती वाजवली आणि ‘सोनाम्बिएंट’ या नावाने त्यांच्या एकूण ११ ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. खुर्ची घेण्याचा विचार असो वा नसो, त्या जरूर ऐकाव्यात. सळईची लांबी, जाडी आणि मिश्रण बदलल्याने स्वर कसा बदलतो याचा इतका बारीक अभ्यास करणारा माणूस खुर्चीच्या जोडाबाबत ढिलाई करणे शक्य नव्हते, हे त्या ऐकून कळते.

६ नोव्हेंबर १९७८ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. बेरिलियमयुक्त धातूच्या विषारी धुराशी त्याचा संबंध अनेकांनी जोडला आहे. आमच्या बंदरांवर तोंडाला फडकेही न बांधता जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करणारी मुले रोज दिसतात, म्हणून ही माहिती इथे देणे मला अवांतर वाटत नाही.

बर्टोया आपल्या शिल्पांवर सही करत नसत. ते त्यांनी स्वतः ठरवलेले होते. विक्रेत्याने त्यांचे नाव गाळून ‘इटालियन डिझाईन’ लिहावे यात मात्र सोयीखेरीज काही नाही, कारण नाव लिहिले की नकलेचा प्रश्न निघतो. आपल्याकडे अलिबागजवळच्या सासवण्याला विनायक करमरकरांचे घर शिल्पालय म्हणून पाहता येते. या गावातून बाहेर पडून कलकत्त्यात नाव काढलेल्या आणि पुण्यातला १९२८ सालचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवलेल्या शिल्पकाराला गावाने नावानिशी जपले आहे. फ्रिउलीतून गेलेल्या शिल्पकाराचे नाव आमच्या पडवीतल्या खुर्चीच्या पावतीवर नाही.

घ्यायचीच असेल तर पुढील गोष्टी पाहून घ्यावी. क्रोमची खुर्ची किनाऱ्यावर घेऊ नये, मग ती कितीही चकाको. स्टेनलेस स्टील म्हणून विकत असतील तर ते कोणत्या प्रतीचे, ३०४ की ३१६, हे लेखी मागावे. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेत अधिक टिकते, ३०४ वर चहाच्या रंगाचे डाग येतात. पोलादाची असेल तर गॅल्व्हनायझिंग केलेली आणि वर पावडर कोटिंग असलेली घ्यावी. कडेवरून सुती फडके फिरवून पाहावे. ते अडकले तर खुर्ची परत करावी. बैठक आणि घोडी यांच्या मध्ये रबर आहे का ते वाकून पाहावे. आणि विक्रेत्याचा हमीचा कागद पैसे भरण्याआधी वाचावा. आमच्या दोन खुर्च्यांपैकी दुरुस्त केलेली पडवीतच आहे. दुसरी माजघरात नेली असून तिथे ती व्यवस्थित टिकून आहे. दुरुस्तीला गॅल्व्हनायझिंगच्या गाडीभाड्यासह सव्वापाच हजार रुपये लागले. म्हणजे एकूण जवळपास वीस हजारांत पडवीत टिकेल अशी एक खुर्ची तयार झाली, आणि तेवढ्या पैशात गावातल्या फॅब्रिकेटरनी पहिल्यापासून ३१६ च्या तारेत तशीच जाळी करून देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र साचा बनवायला वेळ लागेल आणि गणपतीपूर्वी काम हातात घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे.